निवृत्तीनंतर राहायचे कुठे?

दरवर्षी ३१ मे रोजी महाराष्ट्रातील सरकारी कार्यालयांत निरोप समारंभांची रांग लागते. आपल्या निरक्षर आईबापांजवळ मुलाच्या जन्माची नोंद नव्हती. शाळेत नाव घालताना मास्तरांनी १ जून ही तारीख टाकून दिली आणि १ तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. शाल, श्रीफळ, भाषणे होतात. ग्रॅच्युइटी आणि फंडाची रक्कम बँकेत जमा होते. त्यानंतर घरात एकच चर्चा सुरू होते. आता कायमचे राहायचे कुठे?

सवर्ण निवृत्ताला या प्रश्नात पाणी, दवाखाना, एसटी आणि हवामान एवढेच पाहावे लागते. आपल्या माणसाला हे सारे पाहून झाल्यावर आणखी एक गोष्ट पाहावी लागते. शेजारी कोण असेल आणि तो आपल्याला शेजारी मानेल काय? १९१७ साली बाबासाहेब बडोदा संस्थानात मोठ्या हुद्द्यावर रुजू झाले, परंतु राहायला खोली मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतून त्यांना काठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढले. नोकरीने पगार मिळतो, छप्पर मिळतेच असे नाही, हा धडा चळवळीला तिथेच मिळाला. जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या परिषदेत स्वतंत्र वसाहतींचा ठराव झाला. १९४७ च्या निवेदनात बाबासाहेबांनी पडीक सरकारी जमिनींवर अशा वसाहती उभारण्यासाठी आयोग मागितला. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत त्यांनी खेड्याच्या गोडव्यांचा बुरखा फाडला. तेव्हा राहण्याची जागा निवडणे ही कुणाची खाजगी हौस नाही. तो चळवळीच्या कार्यक्रमातला मुद्दा आहे.

पहिला पर्याय गावाचा. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी गावाची ओढ लागते, त्यात गैर काही नाही. पण गाव बदलले आहे काय? २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. स्वतःची शेती कसणारे, मुलांना शिकवणारे ते कुटुंब होते. पेन्शनच्या पैशातून गावात दुमजली घर बांधणारा आपला माणूस आजही अनेक ठिकाणी डोळ्यांत खुपतो. कित्येक गावांत स्मशानभूमीसुद्धा वेगळी आहे, म्हणजे मेल्यावरही वाद सुटत नाही. मात्र गावात राहायचे नाही म्हणून गावातली जमीन सोडायची काय? मुळीच नाही. १९५८ च्या कनिष्ठ गाववतन निर्मूलन कायद्याने महार वतनाच्या ज्या जमिनी परत मिळाल्या, त्या नव्या शर्तीच्या आहेत. शासनाच्या परवानगीशिवाय त्या विकता येत नाहीत. तरीही कुलमुखत्यारपत्रे करून घेऊन त्या गिळल्या जातात. २०२५ साली पुण्यातील मुंढव्याच्या चाळीस एकर वतनी जमिनीचा व्यवहार राज्यभर गाजला तो उगाच नव्हे. निवृत्तीनंतर हाती वेळ असतो. त्याचा पहिला उपयोग सातबारा काढून वारसनोंदी तपासण्यासाठी झाला पाहिजे.

दुसरा पर्याय शहरातल्या सोसायटीतल्या फ्लॅटचा. आपला अधिकारी वर्ग बहुतेक इकडेच वळतो. इथे कुणी काठी घेऊन येत नाही. आडनाव विचारले जाते, मांसाहार चालणार नाही असे सांगितले जाते आणि ‘नुकताच दुसऱ्याला दिला’ असा निरोप येतो. केवळ एका समाजालाच सभासद करून घेण्याचा पोटनियम अहमदाबादच्या पारशी सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली वैध ठरवला. राज्यघटनेच्या कलम १९ ने देशात कुठेही स्थायिक होण्याचा हक्क दिला, पण सोसायटीचे दार बंद करण्याची वाट अशी मोकळी राहिली. महाराष्ट्राच्या सहकार कायद्यातील कलम २३ नुसार पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही आणि नाकारल्यास निबंधकाकडे अपील करता येते, हे ध्यानात ठेवावे.

खरा तोटा फ्लॅट मिळाल्यावर सुरू होतो. बाबासाहेबांचा फोटो हॉलमधून आतल्या खोलीत जातो. १४ एप्रिलला बाहेरगावी जाण्याचे बेत ठरतात. नातवंडांना आपण कोण हे कळत नाही. आणि आजारपणात शेजारचे दार उघडत नाही, तेव्हा ज्या वस्तीला आपण ओळख देत नव्हतो तिथूनच पोरे धावत येतात.

तिसरा पर्याय आपल्या वस्तीचा. वरळी, नायगावच्या बीडीडी चाळींत १६० चौरस फुटांत पिढ्या वाढल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. आनंदाची गोष्ट आहे. पण टॉवरचा देखभाल खर्च निवृत्त माणसाला झेपणार कसा? इथेच दलाल येतो आणि विकून बदलापूर, टिटवाळ्याला जाण्याचा सल्ला देतो. एकेक घर असे गेले की वस्ती उठते. वस्तीबरोबर विहार, मंडळ, वाचनालय आणि मतदारसंघातले वजनही जाते. पालिकेच्या सफाई कामगाराला तर हाही पर्याय नाही. आयुष्यभर शहर साफ करणाऱ्याला निवृत्त होताच सेवा निवासस्थान रिकामे करावे लागते.

बांधवांनो, आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. राज्यात १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीला लागलेल्यांची जुनी पेन्शन बंद झाली. मार्च २०२३ च्या संपानंतर आणि २०२४ च्या एकीकृत योजनेनंतर हमीचा काही भाग परत आला, पण कंत्राटी भरतीत आलेल्या आपल्या पोरांना तीही नाही. निवांतपणे जागा निवडू शकणारी ही बहुधा शेवटची मोठी पिढी आहे. आरक्षणाने मिळालेली ही ताकद कुठे नेऊन ठेवायची, याचे उत्तर तिला द्यावे लागेल. मार्च १९५६ मध्ये आग्र्याला बाबासाहेबांनी शिकलेल्यांबद्दल जी खंत व्यक्त केली, ती अशाच वर्गाबद्दल होती.

आमचे मत स्पष्ट आहे. गावची जमीन नावावर ठेवा, पण मुक्काम तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी आपल्या माणसांत करा, जिथे दवाखाना जवळ आहे आणि विहारही जवळ आहे. पाच-दहा निवृत्त कुटुंबांनी एकत्र येऊन स्वतःची गृहनिर्माण संस्था काढावी. १९४२ च्या ठरावाचे हे आजचे रूप होऊ शकते. सगळा फंड भिंतींत घालू नका. घर मुलांच्या नावे करायचेच असेल तर सांभाळ करण्याची अट बक्षीसपत्रात लिहून घ्या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानुसार अशी अट मोडल्यास न्यायाधिकरणाकडून ते रद्द करून घेता येते.

आणि रोज दोन तास वस्तीतल्या पोरांना द्या. शिष्यवृत्तीचा अर्ज, जातपडताळणीची कागदपत्रे, माहिती अधिकाराचा एक कागद ही कामे निवृत्त कारकुनाइतकी चांगली कुणाला येतात? सरकारने तुम्हाला निवृत्त केले आहे, समाजाने अजून केलेले नाही.