मुलाखतीनंतरचे मौन

मुलाखत देऊन निवड न झालेल्या उमेदवाराला तसे कळवण्याची गरज नाही, असाच बहुतेक खासगी कंपन्यांचा व्यवहार असतो. ‘कळवतो’ म्हणून त्याला निरोप दिला जातो. पोर्टलवर मात्र जागा भरून गेली तरी ‘अंडर रिव्ह्यू’ ही पाटी तशीच लटकत राहते.

या मौनाचे पहिले समर्थन संख्येचे: अर्ज ढिगाने येतात, उत्तरे किती जणांना द्यायची? पण प्रश्न सगळ्या अर्जदारांचा नाहीच. मुलाखतीपर्यंत पोचलेले मोजकेच असतात, आणि त्यांना बोलावताना फोन, मेल, आदल्या दिवशीचा मेसेज असे सगळे वेळेवर जाते. तेवढी सवड तेव्हा बरी सापडते! संघ लोकसेवा आयोग तर नागरी सेवांच्या अंतिम निकालानंतर, निवड न झालेल्यांनाही २७५ पैकी मुलाखतीचे गुण पाहू देतो.

दुसरे समर्थन वादाच्या भीतीचे. नकाराचे कारण लिहून दिले तर ते अंगाशी येऊ शकते, हे खरे. मात्र निकाल कळवणे वेगळे आणि कारणे देणे वेगळे. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांताने नेमका हा भेद पाळला आहे. तिथे १ जानेवारी २०२६पासून, २५ किंवा अधिक कर्मचारी असलेल्या मालकाने जाहिरात दिलेल्या पदासाठी मुलाखत घेतली, तर शेवटच्या मुलाखतीपासून ४५ दिवसांत निर्णय झाला की नाही हे उमेदवाराला कळवावे लागते. कारण सांगण्याची सक्ती नाही.

तिसरा आक्षेप वजनदार आहे. निवडलेला माणूस ऐनवेळी रुजू झालाच नाही, तर? नव्वद दिवसांच्या नोटीस पिरियडमध्ये तो दुसरी ऑफर पकडतो, हा अनुभव नेहमीचा. म्हणून दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला लटकत ठेवले जाते. पण तोही हातातल्या ऑफरला होकार द्यावा की थांबावे या पेचात असतो. कंपनीची जोखीम त्याच्या माथी मारण्याचे कारण नाही. ‘प्रतीक्षायादीत नाव आहे, अमुक तारखेला नक्की होईल’ एवढे सांगितले की काम भागते. बाकीच्यांना निवड ठरताच दोन ओळींचा नकार पुरतो.

उमेदवार प्लेसमेंट एजन्सीमार्फत आला असेल तर कंपनी एजन्सीकडे बोट दाखवते आणि एजन्सी कंपनीकडे. मुलाखत ज्याने घेतली, निकाल त्यानेच कळवावा.