नाव मोठं, पण पेशंट किती?



बरेच दिवस इथे काही लिहिलं नव्हतं. डोळ्यांची तक्रार हे एक कारण, आळस हे दुसरं. पण गौरी जेवणाच्या दिवशी घरात जो वाद झाला तो काही डोक्यातून जाईना, म्हणून बसले लिहायला. भाचा हे वाचणारच आहे. वाचू दे.

भाच्याच्या मुलीला बीडीएसला जायचंय. नीटमध्ये गुण बरे पडले, पण शासकीय कॉलेज थोडक्यात हुकलं. आता दोन पर्याय उरलेत. एक म्हणजे राज्याच्या प्रवेशफेरीतून मिळणारं, घरापासून फार लांब नसलेलं खासगी कॉलेज. दुसरा म्हणजे पुण्याकडचं एक अभिमत विद्यापीठ. नाव मोठं, इमारत काचेची. भाच्याने वसतिगृह, मेस धरून पाच वर्षांचा हिशोब काढला तो ३० लाखांवर गेला. पैसे कुठून आणणार? तर दादाने विहीर खणून बागायत केलेली ३ एकर विकायची, आणि कमी पडेल ते कर्ज. "आत्या, नावाला किंमत असते," असं तो म्हणाला आणि पंगतीतल्या सगळ्यांनी माना डोलावल्या.

मी नाही डोलावली. पूर्वी एकदा डोलावली होती, त्याचं सांगते.

वीसेक वर्षांपूर्वी माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील असाच प्रश्न घेऊन घरी आले होते. मला दंतवैद्यकातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण बाई म्हणून विचारलं होतं, मग उत्तर द्यायलाच हवं ना! "नाव चांगलं आहे, घ्या," असं मी सांगून टाकलं. त्यांनी जमीन विकली. मुलगा हुशार होता, पासही झाला. पण स्वतःचा दवाखाना टाकायला पैसेच उरले नाहीत. आज तो दुसऱ्यांच्या दवाखान्यांत तासांवर काम करतो. भेटला की अजून पाया पडतो, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

तर मंडळी, हे 'नाव' म्हणजे नेमकं काय असतं? आपल्याकडे १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या काळात खासगी विनाअनुदानित कॉलेजांना दार उघडलं. १९८७ मध्ये देणगीबंदीचा कायदाही करावा लागला, यातच सगळं आलं. आता एनआयआरएफची यादी आहे, २०२० पासून दंत महाविद्यालयांचीही निघते. भाच्याने ती मोबाईलवर दाखवली. पण त्या यादीत संशोधनाला गुण असतात, लोकांच्या मताला गुण असतात, आणि जी कॉलेजं स्वतःहून माहिती पाठवतात तीच त्यात येतात. आपल्या मुलीला दाढ काढायला कोण आणि कसं शिकवणार, हे त्या क्रमांकावरून कळत नाही. शासकीय असो की खासगी, राज्यातल्या संलग्न कॉलेजांची परीक्षा नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठच घेतं. अभिमतची पदवी त्यांची स्वतःची असते, पण शेवटी नोंदणी दोघांचीही दंत परिषदेकडेच!

आता पैशाचं बोलू. ३० लाख रुपये दहा टक्के व्याजाने दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला साधारण ३९,६०० रुपये हप्ता बसतो. नव्या दंतवैद्याला इतका पगार तरी कुठे मिळतो ते भाच्याने मला दाखवावं. जमीन विकली तर हप्ता नाही, हे खरं. पण मग जमीनही नाही. उलट २०२४ पासून आर्थिक दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी मुलींचं, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, शिक्षणशुल्क आणि परीक्षाशुल्क सरकार भरतं. सरकारी फेरीतून प्रवेश घेतला तर खासगी कॉलेजातही भरतं. अभिमत विद्यापीठाला ही सवलत नाही. आमची मुलगी या अटींत बसते. म्हणजे चालून आलेली सवलत लाथाडून शेत विकायचं, आणि कशासाठी? तर पाटीसाठी!

मग कॉलेज बघायचं तरी कसं? मी सांगते. माझी कवळी घाटीजवळच्या आपल्या शासकीय दंत महाविद्यालयात झाली. एका विद्यार्थिनीने केली. पाच खेपा झाल्या. आधी एक माप, मग दुसरं नेमकं माप, मग जबडा कसा मिटतो ते बघणं, मग मेणात बसवलेले दात लावून पाहणं, आणि शेवटी कवळी. प्रत्येक खेपेला तिच्या मॅडम तपासायच्या आणि चुकलं की पुन्हा करायला लावायच्या. बाहेर जालना, बीड, परभणीकडून आलेल्या लोकांची रांग. त्यात गुटख्याने तोंड दोन बोटंही उघडत नाही अशी तरणी पोरं (गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे बरं का!). ती मुलगी त्यांच्याशी त्यांच्याच बोलीत बोलायची. हे शिक्षण. पेशंटच नसतील तर काचेच्या इमारतीत बसून काय, मेणाचे दात कोरायचे?

म्हणून भाच्याला माझं सांगणं आहे की दोन्ही कॉलेजांत एका सोमवारी सकाळी न सांगता जा. ओपीडीत बस. खुर्च्या किती आणि त्यावर पेशंट किती ते मोज. शेवटच्या वर्षाच्या मुलांना विचार, पेशंट येतात की तुम्हालाच शोधून आणावे लागतात? जवळच्या कॉलेजात शुकशुकाट दिसला तर तेही घेऊ नकोस. फुकट मिळालं म्हणून वाईट शिक्षण चांगलं होत नाही. मोठ्या कॉलेजात यंत्रं चांगली असतात, पुढच्या शिक्षणाची सोय असते, हे मलाही मान्य आहे. ज्याच्या गाठीशी पैसा आहे त्याने खुशाल जावं. शेत विकून नको.

आणि सगळ्यात महत्त्वाचं राहिलंच. त्या दिवशी पंगतीत बाराजण बोलले, पण मुलीला कुणी विचारलंच नाही. नंतर भांडी आवरताना मी विचारलं, "तुला दातांचं काम आवडतं का गं, की एमबीबीएस हुकलं म्हणून?" ती म्हणाली, "आजी, मला हाताने करायचं काम आवडतं. आणि मला इथेच दवाखाना टाकायचाय. पण बाबांना सांगू कसं?"

सांगितलं बघ मी. प्रवेशफेरीची मुदत संपायच्या आत तिच्याशी बोल रे बाबा. आणि माझ्यावर रागवायचं असेल तर घरी येऊन रागव, पुरणपोळी अजून शिल्लक आहे.

असो. मंडळी, तुमच्या घरात कुणी दंतवैद्य असेल तर त्यांचा अनुभव जरूर कळवा. माझं चुकत असेल तर तेही सांगा.