धर्मपर पुस्तक आणि खरे पुस्तक

मुलांच्या हाती कोणते पुस्तक द्यावे, हा प्रश्न शाळेने सोडवावयाचा आहे, अशी पुष्कळ आईबापांची समजूत असते. शाळेत क्रमिक पुस्तके नेमलेली असतात, ग्रंथालयावर कोणा शिक्षकाची देखरेख असते, आणि मुलगा घरी आला म्हणजे जे हाती लागेल ते वाचतो किंवा पाहतो. परंतु जे कुटुंब मुलांस शाळेत न घालता घरीच शिकवावयाचे ठरविते, त्याला ही सोय नाही. तेथे आई हीच पंतोजी, बाप हाच परीक्षक आणि भिंतीवरील फळी हेच ग्रंथालय. अशी कुटुंबे अमेरिकेत पुष्कळ आहेत. तेथील सर्व पन्नास राज्यांत १९९३ सालापर्यंत ही पद्धत कायदेशीर ठरली, आणि तिचा अंगीकार करणाऱ्यांत आपल्या श्रद्धेप्रमाणे मुले वाढवावीत ह्या हेतूने प्रेरित झालेल्या ख्रिस्ती कुटुंबांचा भरणा मोठा आहे. त्यांच्याकरिता वाचनमाला, चरित्रे, चित्रपट ह्यांचा एक निराळा बाजारच उभा राहिला आहे. त्या बाजारातील माल आता मोबाइलच्या पडद्यावाटे आपल्याही घरांत येतो. म्हणून त्याची पारख कशी करावी, ह्याविषयी ह्या वार्षिकाच्या वाचकांपुढे चार शब्द मांडावेत असे वाटते.

माझे मत आरंभीच सांगून टाकतो. पुस्तकावर ‘ख्रिस्ती’ अशी मुद्रा आहे एवढ्यावरून ते मुलाच्या हाती देऊ नये. धर्मपर पुस्तकाने आधी खरे असले पाहिजे. जे पुस्तक मनुष्यस्वभावाविषयी, इतिहासाविषयी किंवा सृष्टीविषयी मुलास खोटे सांगते, ते कितीही भाविक असले तरी श्रद्धेला पोषक होत नाही. पुढे केव्हातरी ते तिच्या मुळावरच येते.

एक जुने उदाहरण घेऊ. १८६७ साली मार्था फिनली ह्या अमेरिकन लेखिकेची ‘एल्सी डिन्समोर’ ही कथा प्रसिद्ध झाली. ती इतकी लोकप्रिय झाली की तिचे एकंदर अठ्ठावीस भाग निघाले. विसाव्या शतकाच्या अखेरीस ह्या कथा सुधारून पुन्हा छापल्या गेल्या, आणि घरी शिकणाऱ्या मुलींच्या हाती आल्या. एल्सी ही आठ वर्षांची भाविक मुलगी. रविवारी पाहुण्यांपुढे पियानो वाजवून एक सांसारिक गीत म्हण, अशी बापाने तिला आज्ञा केली. शब्बाथ मोडेल म्हणून तिने नकार दिला. बापाने तिला तेथेच बसवून ठेविले. ती तासन् तास बसली, शेवटी मूर्च्छा येऊन खाली पडली आणि तिच्या डोक्याला जखम झाली. ही कथा वाचून अनेक मुलींनी अश्रू ढाळले असतील. परंतु एल्सीला राग म्हणून कसा तो येत नाही. तिच्या हातून क्वचित काही चुकले तर ती चूक एवढी बारीक असते की सामान्य मुलीला तीही हेवा करण्याजोगी वाटावी! अशी मुलगी कोणत्याही घरात नसते, हे वाचणाऱ्या मुलीला आतून ठाऊक असते. मग तिच्यापुढे दोनच वाटा उरतात. एक, एल्सीसारखे दिसण्याचे ढोंग करणे. दुसरी, धर्म हा आपल्यासारख्यांसाठी नाही असे मनाशी ठरविणे. दोन्ही वाटा घातकच. शिवाय एल्सी ही गुलामांच्या कष्टावर चालणाऱ्या मळ्यांची वारस आहे. १८६५ साली अमेरिकेतील गुलामगिरी कायद्याने संपली होती, तरी दोनच वर्षांनी आलेल्या ह्या कथेत ती पद्धत फारशी वाईट नसल्यासारखी रंगविली आहे. शब्बाथाविषयी इतकी कोवळी असलेली सदसद्विवेकबुद्धी त्या ठिकाणी मात्र निजून राहते.

आता ह्याच्या शेजारी दुसरे पुस्तक ठेवा. अवघ्या एका वर्षाने, म्हणजे १८६८ साली, लुइझा मे अल्कॉट हिची ‘लिट्ल विमेन’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. शांता शेळके ह्यांच्या ‘चौघीजणी’ ह्या अनुवादामुळे ती मराठी घरांस चांगली परिचित आहे. तीतील ज्योच्या धाकट्या बहिणीने, एमीने, तिचे हस्तलिखित जाळून टाकले. ज्योचा राग काही केल्या जाईना. दुसऱ्या दिवशी त्या रागाच्या भरात ती बर्फ पातळ असल्याची सूचना बहिणीपर्यंत पोहोचवीत नाही, आणि एमी बुडता बुडता वाचते. रात्री ज्यो आईपुढे रडते. तेव्हा ती शांत, भाविक आई काय सांगते? आपल्यालाही जवळजवळ रोज राग येतो, आणि तो आवरण्याची खटपट आपण अनेक वर्षे करीत आलो आहो, असे ती सांगते. हे पुस्तक धर्मपर म्हणून लिहिलेले नाही. तरी पाप, पश्चात्ताप व क्षमा ह्यांविषयी मुलास त्यापासून जे समजते ते एल्सीच्या अठ्ठावीस भागांतून समजणार नाही, असे मला वाटते. ह्या चौघी बहिणी बनियनच्या ‘पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’मधील यात्रेकरूंचा खेळ खेळतात, हेही ध्यानात घ्यावे. १६७८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या ग्रंथाचा नायक दलदलीत रुततो, वाट चुकतो, नको तेथे झोपतो आणि आपली गुंडाळी हरवून बसतो. धर्मासाठी बारा वर्षे तुरुंग भोगलेल्या लेखकाने आपला यात्रेकरू असा धडपडणारा दाखविला. हरि केशवजी ह्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच ह्या ग्रंथाचे मराठी भाषांतर केले.

आणि पवित्र शास्त्राची तरी रीत कोणती आहे? याकोब आपल्या आंधळ्या बापाला फसवितो. पेत्र कोंबडा आरवण्यापूर्वी तीन वेळा आपल्या गुरूला नाकारतो. दावीद राजाने उरियाचा घात करविला, आणि नाथान संदेष्ट्याने त्याच्या तोंडावर ते सांगितले, हे शास्त्रात उघड लिहिलेले आहे. मुलांसाठी काढलेल्या कित्येक रंगीत पुस्तकांत मात्र दावीद गल्याथाला मारून जो थांबतो तो थांबतोच.

कोणी म्हणेल, सात वर्षांच्या मुलास उरियाची कथा सांगावी काय? मुळीच नाही. परंतु उशिरा सांगणे आणि खोटे सांगणे ह्यांत अंतर आहे. आज एक प्रकरण वगळले तर ते पाच वर्षांनी वाचता येते. दावीद निष्कलंक होता असे आज शिकविले, तर पाच वर्षांनी ते शिक्षण उपटून काढावे लागते, आणि त्याबरोबर आणखी काय उपटले जाईल ह्याचा नेम नसतो.

मिशनऱ्यांची बालोपयोगी चरित्रे ह्या दृष्टीने फार तपासून घ्यावीत. विल्यम कॅरे ह्यांचे उदाहरण मराठी वाचकाला जवळचे आहे. ह्या एकेकाळच्या चांभाराने श्रीरामपूर येथून १८०५ साली मराठी भाषेचे व्याकरण प्रसिद्ध केले, १८१० साली मोडी टाइपात छापलेला मराठी कोश काढला, आणि ह्या कामी वैद्यनाथ नावाच्या पंडिताचे त्यांस साहाय्य झाले. १८१२ साली छापखान्यास आग लागून अनेक हस्तलिखिते भस्म झाली, तरी त्यांनी पुन्हा आरंभ केला. एवढे बहुतेक चरित्रांत येते. परंतु त्यांची पत्नी डोरोथी हिची हिंदुस्थानात येण्याची इच्छा नव्हती. येथे आल्यावर १७९४ साली पाच वर्षांचा पीटर आमांशाने वारला, आणि त्या माउलीची बुद्धी भ्रमली, ती १८०७ साली मृत्यू येईपर्यंत ताळ्यावर आली नाही. ह्याविषयी कित्येक चरित्रांत अवाक्षरही नसते. जेथे असते तेथे जणू ती बिचारी आपल्या नवऱ्याच्या मार्गातील धोंड होती, असा सूर असतो. बारा वर्षांच्या मुलीला हे सर्व सांगता येते. कॅरे ह्यांचे काम त्यामुळे लहान होत नाही. परंतु त्या कामाची किंमत कोणी दिली हे तिला कळते, आणि डोरोथीविषयी तिच्या मनात कळवळा उत्पन्न होतो. असे वाटणे हाही धर्मशिक्षणाचाच भाग नव्हे काय?

विज्ञानाविषयी थोडक्यात सांगतो. अमेरिकेतील घरी शिकणाऱ्या मुलांसाठी निघालेल्या काही पुस्तकांत पृथ्वीचे वय सहा ते दहा हजार वर्षे सांगितलेले असते, व ते न मानणे म्हणजे शास्त्र नाकारणे असे सुचविलेले असते. ही पुस्तके मी कोणत्याही मुलास देणार नाही. सृष्टीच्या बाबतीत ख्रिस्ती मनुष्याने अज्ञानाचे बोलून शास्त्राला हास्यास्पद करू नये, असा इशारा संत ऑगस्टिन ह्यांनी पाचव्या शतकाच्या आरंभीच देऊन ठेविला आहे. मानवी जनुकांचा आराखडा वाचण्याचे प्रचंड काम २००३ साली पुरे झाले. त्याचे एक प्रमुख सूत्रधार फ्रान्सिस कॉलिन्स हे श्रद्धावान ख्रिस्ती आहेत.

चित्रपटांचे काय? १९९३ साली अमेरिकेत ‘व्हेजीटेल्स’ नावाची चित्रमालिका निघाली. तीत टोमॅटो, काकडी वगैरे भाज्या शास्त्रातील गोष्टी सांगतात. गाणी गमतीची, विनोद निर्मळ. मुले ती पाहताना पोट धरून हसतात, आणि ती पाहू नयेत असे मी म्हणणार नाही. परंतु तिच्या दोन जनकांपैकी एक, फिल व्हिशर, ह्यांनी संस्था हातची गेल्यावर काही वर्षांनी स्वतःच जाहीरपणे कबूल केले की, आपण दहा वर्षे मुलांना ख्रिस्ती माणसासारखे वागावयास सांगितले, ख्रिस्ती धर्म मात्र शिकविला नाही. हा कबुलीजबाब प्रत्येक आईबापाने मनन करण्याजोगा आहे. क्षमा करा, वाटून खा, खरे बोला, हे उपदेश चांगलेच आहेत. पण ते कोणत्याही वाचनमालेत मिळतात. योनाची कथा केवळ दयाळूपणाचा धडा म्हणून सांगितली, तर शत्रूच्या शहराला देवाने क्षमा केली म्हणून रुसून बसलेला तो संदेष्टा हरवतो, आणि सगळी गंमत तर त्यातच आहे.

आपल्या मराठी घरांनी ह्या बाजाराकडे आशाळभूतपणे पाहण्याचे कारण नाही. आपल्यापाशी लक्ष्मीबाई टिळक ह्यांची ‘स्मृतिचित्रे’ आहेत. १९३४ ते १९३७ ह्या काळात चार भागांत निघालेला हा ग्रंथ धर्मांतराची कथा सांगतो. पण त्यात कोणाचीही बाजू झाकलेली नाही. वडिलांचे सोवळ्याचे वेड, टिळकांचा तापट स्वभाव, हाती आलेला पैसा दुसऱ्यास देऊन टाकण्याची त्यांची वृत्ती, १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतल्यावर पत्नीने काढलेली वियोगाची वर्षे, पुन्हा एकत्र आल्यावरही तिच्या मनातून हळूहळू, कष्टाने सुटलेले सोवळे-ओवळे, हे सारे ती माउली हसत हसत सांगते. उपदेशाचा शब्द शोधावा लागतो. घरी मोठ्याने वाचण्यास ह्यापेक्षा चांगले ख्रिस्ती पुस्तक मला माहीत नाही. ओवी कानाला गोड लागत असेल तर फादर स्टीफन्स ह्यांचे ‘क्रिस्तपुराण’ आहेच. १६१६ सालच्या त्या ग्रंथातील एखादा प्रसंग एका बैठकीत सहज होतो.

मग ख्रिस्ती मुलाने ख्रिस्ती पुस्तकेच वाचावीत काय? नारायण वामन टिळक ह्यांनी आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे सांगितले आहे. तो पूल मुलांना बंद करणारे आपण कोण? साने गुरुजींची ‘श्यामची आई’ ख्रिस्ती घरात असावी, तुकोबाची गाथाही असावी.

आईबापांवर ह्यात एक काम येऊन पडते आणि ते टाळता येत नाही: पुस्तक मुलास देण्यापूर्वी स्वतः वाचावे. निदान मधली वीस पाने तरी वाचावीत, कारण पहिली पाने सर्वांचीच बरी असतात. वाचताना आपल्यालाच जांभई आली, तर ते मुलाच्या गळ्यात बांधू नये. मुलांच्या पुस्तकात आक्षेपार्ह काही नाही ना, एवढेच पुष्कळजण पाहतात. त्यात काही आहे का, हे पाहावयाचे राहून जाते.

आणि विद्यार्थ्यांनो, शब्बाथशाळेत बक्षीस मिळालेले एखादे पुस्तक तुम्हांस खोटे वाटले, तर तसे घरी बोलून दाखवा. त्यात पाप नाही. कोणते पान खोटे वाटले आणि का, तेवढे मात्र नीट सांगता आले पाहिजे.