बिस्किटांचे मंदिर आणि आतला सांगाडा

गणेशोत्सवातील आरास हा विषय गेल्या काही वर्षांत देवघरातून निघून न्यायालयापर्यंत जाऊन आला आहे. २३ मार्च २०१८ रोजी महाराष्ट्र शासनाने प्लास्टिक व थर्माकोलच्या वस्तूंवर बंदीची अधिसूचना काढली. त्याच वर्षी जुलैमध्ये, उत्सवापुरती तरी थर्माकोलच्या मखरांना मुभा मिळावी, ही कारागिरांची विनंती मुंबई उच्च न्यायालयाने अमान्य केली. पुढे १ जुलै २०२२ पासून केंद्राच्या नियमांनीही सजावटीचे थर्माकोल देशभर वर्ज्य ठरविले. ज्या पांढऱ्या हलक्या पदार्थातून चाळीस वर्षे आपण राजवाडे, गोपुरे आणि हिमालय कापून काढले, तो पदार्थ निदान कायद्याच्या दृष्टीने तरी संपला. त्याची जागा कशाने घ्यावयाची हा प्रश्न मात्र कोणत्याच अधिसूचनेत नव्हता. तो घरोघरच्या उत्साही मंडळींनी आपापल्या परीने सोडविला. कोणी पुठ्ठा घेतला, कोणी बांबू, कोणी कापड, आणि काहींनी अन्न घेतले. या शेवटच्या मार्गाचा विचार येथे करावयाचा आहे.

बिस्किटांचे मखर, चॉकलेटचे सिंहासन, सुक्या मेव्याची प्रभावळ, शेवयांचे छत, पापडांची कमान! अशा आराशींची छायाचित्रे दरवर्षी भाद्रपदात प्रसिद्ध होतात आणि त्यांखाली ‘पर्यावरणपूरक’ हा शब्द हमखास असतो. ही हौस महाराष्ट्रापुरती नाही. जानेवारी २०२४ मध्ये, अयोध्येतील प्राणप्रतिष्ठेच्या आधी, पश्चिम बंगालमधील दुर्गापूर येथील एका तरुणाने सुमारे वीस किलो बिस्किटांतून श्रीराममंदिराची चार फुटी प्रतिकृती उभारली. त्याच्या भक्तीविषयी व हातोटीविषयी शंका घेण्याचे काहीच कारण नाही. परंतु ते वृत्त बारकाईने वाचणाऱ्यास एक गोष्ट जाणवली असेल. आत प्लायवूड व थर्माकोल होते, आणि बिस्किटे तापविलेल्या डिंकाच्या पिस्तुलाने, म्हणजे ‘ग्लू-गन’ने, त्यावर चिकटविलेली होती. अर्थात मंदिर प्लायवूडचे होते; त्याच्या अंगावर बिस्किटांचा अंगरखा होता.

यात बिघडले काय, असे कोणी विचारील. उत्तर शोधताना आपल्या पूजाविधीतला एक भेद ध्यानात घ्यावा लागतो. षोडशोपचारांत वस्त्र, गंध, पुष्प हे उपचार आधी येतात आणि नैवेद्य तेराव्या क्रमांकावर येतो. देवाच्या अंगावर चढते त्याचे उत्तरपूजेनंतर निर्माल्य होते. देवापुढे पानात वाढले जाते त्याचा प्रसाद होतो. निर्माल्य विसर्जित करावयाचे, प्रसाद सेवन करावयाचा. दोन्ही पवित्र, पण दोहोंचे मार्ग वेगळे, आणि ते वेगळे ठेवण्यात आपल्या पूर्वजांनी मोठे तारतम्य दाखविले आहे. आता ग्लू-गनने चिकटविलेले बिस्किट घ्या. ते अलंकार म्हणून चढले, म्हणून त्याचा नैवेद्य दाखविला गेला नाही. ते मुळात अन्न, म्हणून फुलासारखे पाण्यात सोडण्याजोगे नाही. आणि त्याच्या पाठीला रासायनिक गोंद, म्हणून ते कोणाच्या मुखी घालण्याजोगेही उरले नाही. ते ना निर्माल्य, ना प्रसाद. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी ते कोठे जाते, हे मंडळाच्या कार्यकर्त्यांना खासगीत विचारावे. कचऱ्याच्या गाडीत, हेच उत्तर बहुधा येते. काही ठिकाणी ते तलावातही जाते. तेथे मैदा, साखर आणि वनस्पती तूप कुजताना पाण्यातला प्राणवायू शोषून घेतात आणि माशांची दैना होते. थर्माकोलने गुदमरणारे तळे बिस्किटांनी गुदमरले तर त्याला पर्यावरणपूरक म्हणावे काय?

खाद्यपदार्थांचे घर बांधण्याची कल्पना तशी परदेशी, आणि तेथे ती चांगली मुरलेली आहे. जर्मनीत नाताळाच्या सुमारास आले, दालचिनी, लवंग घातलेल्या गोड पोळीसारख्या भाजलेल्या पत्र्यांचे घरकुल करतात. इंग्रजीत त्याला जिंजरब्रेडचे घर म्हणतात. न्यूरेंबर्ग हे नगर या मसालेदार पदार्थासाठी मध्ययुगापासून विख्यात आहे. त्यातले आले आणि मिरी आपल्याच मलबारच्या किनाऱ्यावरून व्हेनिसच्या व्यापाऱ्यांमार्फत तिकडे जात असत, हा एक जुना ऋणानुबंध. १८१२ साली ग्रिम बंधूंनी प्रसिद्ध केलेल्या लोककथासंग्रहात हॅन्सेल आणि ग्रेटेल या भावंडांची गोष्ट आहे. अरण्यात त्यांना भाकरीच्या भिंतींचे, केकच्या छपराचे आणि साखरेच्या खिडक्यांचे घर दिसते. आपल्याकडची मुले ती गोष्ट चित्रांच्या पुस्तकातून वाचतात आणि घराच्या रंगीबेरंगी रूपावर भाळतात. परंतु मूळ कथेचा आरंभ दुष्काळाने होतो. घरात अन्न नाही, म्हणून आईबाप पोटच्या पोरांना रानात सोडून येतात. ती मुले त्या घराचे छप्पर मोडून खातात ती भुकेने. पुढे चेटकीण येते तो भाग वेगळा.

आजच्या पाश्चात्त्य देशांतही या घरांचे दोन पंथ झालेले आहेत. अमेरिकेत टेक्सास राज्यातील ब्रायन या गावी २०१३ साली एक प्रचंड घर उभे राहिले. त्याला सुमारे सव्वातीन टन मैदा, आठशे किलोंहून अधिक लोणी आणि ७,२०० अंडी लागली, आणि जगातील सर्वांत मोठे म्हणून त्याची नोंद झाली. आत माणसे हिंडू शकत, म्हणजे ते लाकडी सांगाड्यावर तोललेले असणार हे उघड आहे, आणि तसे ते होतेच. निदान त्याच्या दर्शनाच्या देणग्या एका रुग्णालयाच्या कामी गेल्या, हे त्याचे पुण्य. याउलट त्याच देशात ॲशव्हिल येथे १९९२ पासून जी राष्ट्रीय स्पर्धा भरू लागली, तिचा दंडक असा, की खालचा पाट सोडला तर घरातील प्रत्येक वस्तू खाण्याजोगी असली पाहिजे. आत तार नको, काडी नको, पुठ्ठा नको. ज्यांचा हा परंपरागत खेळ आहे, त्यांनाही लपविलेल्या सांगाड्याची अडचण वाटली आणि त्यांनी तीवर नियम केला, हे आपण ध्यानात घेण्याजोगे आहे.

सांगाडा लागतो का, याचे कारण साधे आहे. बिस्किट उभा भार बऱ्यापैकी सोसते, पण वाकविले की तुटते. म्हणून भिंत उभी राहते आणि छप्पर मधोमध मोडते. घरकुल वीतभर असेल तोवर कडा पाकाने सांधून भागते. हातभर झाले की आतून टेकू लागतो. त्यातून तिकडे हे काम कडक थंडीत होते. आपला भाद्रपद म्हणजे ओल. सकाळी डब्यातून काढलेले बिस्किट आरतीपर्यंत सादळते, साखरेचा पाक पाझरू लागतो, आणि मुंग्यांना निमंत्रणाची गरज नसते. मग उपाय म्हणून वरून व्हार्निशचा हात फिरवितात, की संपले! उरलेसुरले अन्नपणही गेले. आणखी एक गोष्ट भाविक गृहिणींच्या कानावर घातली पाहिजे. बेकरीतील ज्या पांढऱ्या शुभ्र आयसिंगने असली घरे सांधतात, ते मुळात पिठीसाखर आणि अंड्याचा पांढरा बलक यांचे असते. विचारल्याखेरीज ते देवघरात आणू नये.

या सगळ्यावरून सांगाडाच त्याज्य आहे असे कोणी समजू नये. आपल्या परंपरेत खाद्यवस्तूंची आरास आहे, आणि तिला सांगाडाही आहे. गोमंतकात गणपतीच्या डोक्यावर माटोळी बांधतात. आढ्याला लाकडी चौकट टांगलेली असते. तिला नारळ, सुपारीचे घड, काकड्या, तोरिंगे, केळी, आणि डोंगरात जाऊन शोधून आणलेली नाना प्रकारची रानफळे केवणीच्या सालीच्या दोराने बांधतात. चौकट दिसते, दोर दिसतो, कोणी काही लपवीत नाही. उत्सव सरला की गाठ सोडावी, फळ मोकळे. चौकट पुढच्या वर्षासाठी माळ्यावर जाते आणि फळे घरात व शेजारी वाटली जातात. गोवा शासनाचे कला व संस्कृती संचालनालय या माटोळ्यांची स्पर्धा घेत आले आहे, आणि तीत कोणती दुर्मीळ वनस्पती कोणी ओळखून आणली, याचे कौतुक होते. विदर्भ-मराठवाड्यात महालक्ष्म्यांपुढे फुलोरा टांगतात. करंज्या, पापड्या, वेण्या-फण्या हे तळलेले जिन्नस दोऱ्याने मंडपीला ओवलेले असतात आणि पोरांचे डोळे तीन दिवस त्यांवरच खिळलेले असतात. गुढीपाडव्याची साखरेची गाठी घ्या. तिचा सांगाडा म्हणजे नुसता सुताचा धागा. गाठी मोडून खाल्ली की धागा हातात राहतो. या तिन्हींत आधार वेगळा आणि अन्न वेगळे आहे. बांधणे आहे, डकविणे नाही. माझ्या मते सारा फरक या एका क्रियापदात आहे.

बरे, भव्यतेची हौसच असेल तर तीही आपल्याकडे आहे. राजस्थानात नाथद्वारा येथे श्रीनाथजींपुढे दिवाळीनंतर अन्नकूट होतो, त्यात शिजविलेल्या भाताचा पर्वत रचतात. तो पाहण्यास दुरून लोक येतात. परंतु तो भात त्याच रात्री भिल्ल समाजाचे लोक हक्काने लुटून नेतात, आणि ही लूट उत्सवाचाच भाग मानली जाते. आपल्या सप्ताहांची सांगता काल्याने होते तीही याच जातीची. हंडी फोडल्याशिवाय आणि काला सर्वांच्या हाती पडल्याशिवाय कीर्तनकाराला वीणा खाली ठेवता येत नाही. श्रोत्यांपैकी कोणी ‘हंडी सुरेख रंगविली आहे, ती तशीच राहू द्या’ असे म्हटल्याचे अजून तरी ऐकिवात नाही.

तैत्तिरीयोपनिषदाच्या भृगुवल्लीत अन्नाविषयीची व्रते सांगितली आहेत. अन्नाला नावे ठेवू नयेत, ते अव्हेरू नये, ते वाढवावे. आणि त्यांना लागूनच जे व्रत येते ते घराविषयीचे आहे: आसऱ्याला आलेल्या कोणालाही दारातून परत पाठवू नये. अन्न आणि घर यांची अशी जोडणी उपनिषत्कारांनी केली आहे. घर अन्नाचे बांधा असे ऋषी म्हणत नाहीत. घरात अन्न असू द्या आणि दार उघडे ठेवा, एवढेच त्यांचे म्हणणे. ज्या मंडपाबाहेर एखादे मूल वीस किलो बिस्किटांकडे टक लावून पाहते आणि स्वयंसेवक त्याला ‘हात लावू नकोस’ म्हणून दटावतो, त्या मंडपात हे व्रत मोडले की पाळले, ते ज्याचे त्याने ठरवावे.

यावर एक युक्तिवाद नेहमी होतो. एवढ्याशा बिस्किटांनी कोणाची भूक भागणार, आणि मंडळांचा इतर खर्च काय कमी असतो? युक्तिवाद खरा आहे. ध्वनिवर्धकांवर उधळल्या जाणाऱ्या पैशांपुढे बिस्किटांचा खर्च किरकोळच. परंतु ध्वनिवर्धकाला कोणी भक्तीचा नमुना म्हणून पारितोषिक देत नाही. या आराशींना मिळते. गेल्या काही वर्षांत राज्य शासनाच्या सार्वजनिक मंडळांच्या स्पर्धेत थर्माकोल-प्लास्टिकविरहित सजावटीला गुण ठेवण्यात आले. २०२५ साली तर या उत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जा मिळाला. वृत्तपत्रे, वाहिन्या, गृहसंकुले, सर्वांच्या स्पर्धा चालतात. परीक्षक दहा मिनिटे थांबतात, छायाचित्र घेतात आणि पुढे जातात. समोरून पाहणाऱ्याला सांगाडा दिसतच नाही. स्पर्धेच्या अर्जात दोन रकाने वाढविले तर पुष्कळ काम होईल: आरास आतून कशावर उभी आहे, आणि विसर्जनानंतर तिचे काय करणार. दुसऱ्या रकान्याची खातरजमा करण्यासाठी परीक्षकांनी अनंत चतुर्दशीनंतर एक फेरी मारावी. फेरी मारण्यास परीक्षक नाखूश असतील, पण ती लावूनच धरावी.

काही मंडळे बिस्किटांचे पुडे न फोडता तेच विटांसारखे रचून मंदिर करतात आणि उत्सवानंतर आश्रमशाळेत पोचवितात. पुड्याच्या वेष्टनाचा प्रश्न राहतो, तरी आतले अन्न अन्नच राहते. लाकडी पायऱ्यांचा सांगाडा दरवर्षी तोच वापरता येतो. घरातील मुलांना मात्र खुशाल बिस्किटांचे घरकुल करू द्यावे. वीतभर करावे, आत पुठ्ठा घालू नये, गुळाच्या किंवा साखरेच्या पक्क्या पाकाने कडा सांधाव्या. भिंती वाळून घट्ट झाल्यावरच छप्पर ठेवावे. घाई केली की चारी भिंती बाहेर पडतात. रात्री मोठ्या डब्यात झाकून ठेवावे, आरतीच्या वेळी बाहेर काढावे आणि दीड दिवसाच्या गणपतीबरोबर त्यालाही निरोप द्यावा, म्हणजे मुलांनी ते मोडून खावे. पाच दिवस ठेवण्याचा हट्ट केला तर मुंग्या खातील. तेही अगदीच वाया गेले असे नाही.

गौरींच्या बाबतीत तर आपल्या आजीपणज्यांनी हा प्रश्न उलट्या बाजूने सोडवून ठेवला आहे. उभ्याच्या महालक्ष्म्यांना आधार म्हणून पत्र्याच्या किंवा लोखंडी कोठ्या असतात. वर मुखवटा, भोवती भरजरी शालू, दागिने. पाहणाऱ्याला सांगाडा कोठेच दिसत नाही. पण अनेक घरांत त्या कोठीत गहू किंवा तांदूळ भरतात, पोटाशी लाडू-करंजी ठेवतात. धान्याच्या वजनाने गौर स्थिर उभी राहते, लवंडत नाही. तिसऱ्या दिवशी मुखवटे हलविले, शालू घडी घालून ठेवले, की कोठी रिकामी होते, लाडू-करंज्या मुलांच्या हाती पडतात आणि गहू सुपात पाखडून दळणाला जातात.