मराठी पक्कं म्हणून इंग्रजी चुकतं

बारामती काय नि इंदापूर काय, स्टँडच्या आसपास इंग्रजीच्या क्लासच्या पाट्यांना तोटा नाही. सगळीकडे ‘फाडफाड इंग्रजी’, तेही महिना-दीड महिन्यात. शिकायला येतात ती एमआयडीसीत इंटरव्ह्यूला जाणारी पोरं, नाहीतर भरतीची तयारी करणारी. 2023च्या तलाठी भरतीत शंभर प्रश्नांपैकी पंचवीस इंग्रजीचे होते, म्हणजे मराठीला होते तेवढेच. हौसेचा नाही, पोटापाण्याचा मामला आहे.

या पोरांच्या वह्या चाळल्या तर चुका ठरावीकच सापडतात. सुप्यात त्याच, बावड्यात त्याच. चूक सगळ्यांची एकच असेल तर तिला आळस म्हणता येत नाही. माझं म्हणणं असं, की ही मुलं इंग्रजीत अडखळतात कारण मराठीत ती अजिबात अडखळत नाहीत.

‘पासून’च घ्या. ‘गाळप दिवाळीपासून चालू आहे’ आणि ‘गाळप दोन महिन्यांपासून चालू आहे’, ही दोन्ही वाक्यं भवानीनगरच्या कारखान्यावर ऊस घेऊन आलेला कुणीही बोलेल. मराठीला दोन्हीकडे एकच ‘पासून’ पुरतं. इंग्रजी मात्र आधी विचारतं: सुरुवात कधी झाली ते सांगतोस, की किती काळ लोटला ते? सुरुवात सांगायची तर ‘सिन्स दिवाळी’, काळ मोजायचा तर ‘फॉर टू मंथ्स’. आपलं पोर दोन्हीकडे ‘सिन्स’ ठोकून देतं. शिवाय ‘चालू आहे’ हा आपल्याकडे सरळ वर्तमानकाळ, म्हणून तोंडून ‘इज रनिंग’ निघतं. मागे सुरू होऊन आजवर चालत आलेल्या गोष्टीला इंग्रजीत नुसता वर्तमानकाळ चालत नाही, तिथे ‘हॅज बीन रनिंग’ लागतं. क्लासमध्ये ‘प्रेझेंट परफेक्ट कंटिन्युअस’ असं लांबलचक नाव सांगून रूप घोकून घेतात. ‘पासून’चं नाव कुणी काढत नाही, आणि खरी गाठ तर तिथेच आहे.

‘एसटी आली नाही’ या वाक्यात भूतकाळ ‘आली’कडे, नकार ‘नाही’कडे. कामं वाटून घेतलेली. तीच वाटणी इंग्रजीत नेली की ‘द एसटी डिडन्ट केम’ तयार होतं. तिकडे ‘डिड’ आला की भूतकाळ तो एकटाच वाहतो, मागच्या क्रियापदाने ‘कम’ होऊन गप बसायचं. एवढं मराठी वाक्य शेजारी मांडून दाखवलं तर किती वेळ लागतो?

सगळ्यात मराठमोळी चूक ‘ऑल्दो’ आणि ‘बट’च्या जोडीची. इंदापूर तालुका पर्जन्यछायेतला. इथे पाऊस दडी मारून बसला तरी उजनी धरण भरतं, कारण पाणी येतं ते वरच्या घाटमाथ्यावरचं, भीमेच्या खोऱ्यातून. हे इंग्रजीत सांगायचं म्हणजे ‘ऑल्दो देअर वॉज नो रेन हिअर, बट उजनी फिल्ड अप’. मराठीत ‘जरी’ म्हटलं की ऐकणारा ‘तरी’ची वाट बघतो; तो आला नाही तर वाक्य लंगडं. इंग्रजीला दोघांपैकी एकच हवा. बरं, ‘इफ’च्या जोडीला ‘देन’ आलेलं मात्र तिथे खपतं. पोरांनी डोकं धरलं तर नवल नाही.

‘तू येणार ना?’ ‘त्या आल्या ना?’ ‘पैसे दिले होते ना?’ आपलं एका ‘ना’वर भागतं. इंग्रजीत दर वेळी शेपूट बदलायचं, ‘वोन्ट यू’, ‘डिडन्ट शी’, ‘हॅडन्ट यू’. म्हणून आपण सगळीकडे ‘इजन्ट इट’ लावून मोकळे होतो. परीक्षेत मार्क जातात, हे खरं. पण लंडनची तरुण पोरं ‘इनिट’ म्हणत हेच करतात, तेव्हा बोलताना ही चूक केली म्हणून मी कुणाचा कान धरणार नाही.

शब्दांच्या जागेबाबतही इंग्रजी काटेकोर, पण हा काटेकोरपणा मुळातला नव्हे. हजार वर्षांपूर्वी त्यालाही आपल्यासारखे विभक्तीचे प्रत्यय होते. ते झिजले आणि कर्ता कोण, कर्म कोण, हे सांगायचं काम शब्दांच्या जागेवर पडलं. आपण ‘बिबट्यानं शेळीला धरलं’ म्हणा की ‘शेळीला बिबट्यानं धरलं’, जाते शेळीच. इंग्रजीत जागा बदलली की शेळी बिबट्याला धरते. ‘आय डोन्ट नो व्हेअर इज ही’ हीसुद्धा जागेचीच चूक. ‘तो कुठे आहे’ हे आपल्याकडे प्रश्नातही तसंच आणि पोटवाक्यातही तसंच. तिकडे पोटवाक्यात शिरताना ‘व्हेअर ही इज’ व्हावं लागतं.

मराठी नेहमी आडवीच येते असंही नाही. ‘ए’ की ‘ॲन’, यावर मुलं हमखास गडबडतात, कारण त्यांची नजर स्पेलिंगवर असते. शब्द देवनागरीत लिहून बघा. एमएलए, एसटी, अवर: सुरुवातीला स्वर, म्हणून ‘ॲन’. युनिव्हर्सिटी, युरोपियन, वन-डे: सुरुवातीला य किंवा व, म्हणून ‘ए’. नियम आपल्या लिपीतच उघडा पडलेला आहे.

आजोबांच्या पिढीकडे तर्खडकरांची भाषांतर पाठमाला होती. तिची वाट मराठी वाक्यावरून इंग्रजीकडे जायची. पुढे ‘रेन अँड मार्टिन’चा दबदबा झाला. त्यातले रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीला होते, पण पुस्तकात मराठीचा मागमूस नाही. 2000 सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं, तरी ‘डिडन्ट केम’ जागच्या जागी आहे. आज अभ्यासिकेतल्या टेबलावर मो. रा. वाळंबे यांचं मराठी व्याकरण आणि एखादं इंग्रजी व्याकरण शेजारी शेजारी पडलेलं असतं. दोघांची गाठ मात्र कुणी घालून देत नाही.

शाळांतल्या आणि क्लासमधल्या सरांना, बाईंना एवढीच विनंती. वहीत तांबडी फुली मारण्याआधी पोराला विचारा, ‘मनात मराठी वाक्य कोणतं होतं?’ ते समासात लिहून घ्या आणि मग इंग्रजी वाक्य दुरुस्त करा.