घाबरायलाही पैसा लागतो

मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तानची चार दिवस जुंपली. तोफा सीमेवर, आणि पंजाब-चंदीगडकडं दुकानांपुढं रांगा. सरकार म्हणालं, धान्य भरपूर आहे, घाबरू नका. चंदीगडच्या प्रशासनाला साठेबाजीवर बंदीचा हुकूम काढावा लागला. पांढरपेशे म्हणतात, पब्लिकच घाबरट.

मी म्हणतो, थांबा. घाबरायलाही पैसा लागतो. ज्याच्या खिशात महिन्याचा पगार आणि घरात ठेवायला जागा, तोच पोतं उचलतो. दिवस मावळता मजुरी हातात पडल्यावर किलोभर पीठ अन् पावशेर तेल नेणारी आमची माय काय डोंबल साठवणार? ती दुकानावर पोचते तेव्हा फळी रिकामी आणि भाव चढलेला.

दोस्तहो, हा हिशेब जुना आहे. १९४२ साली जपान्यांनी ब्रह्मदेश घेतला, तिकडचा तांदूळ बंद झाला. शत्रूच्या हाती लागू नये म्हणून गोऱ्या सरकारनं बंगालच्या किनारी जिल्ह्यांतला तांदूळ उचलला. दहा माणसं बसतील अशा होड्यासुद्धा काढून घेतल्या. कोळ्याची होडी नेली म्हणजे त्याचे हातच तोडले. वर ऑक्टोबरात मेदिनीपूरला वादळ. कलकत्त्यात लढाईचा माल काढणाऱ्या कारखान्यांना मात्र स्वस्त तांदूळ पोचत राहिला. मार्च १९४३ मध्ये भावावरचं नियंत्रण उठवलं. ज्याच्याकडं होतं त्यानं दाबून ठेवलं, ज्याला परवडलं त्यानं उचललं. डिसेंबर १९४२ मध्ये कलकत्त्यात मणाला तेरा-चौदा रुपये असलेला तांदूळ ऑगस्टमध्ये सदतीसवर गेला. मजुरी तिथंच.

मेलं कोण? शेतमजूर, मच्छीमार, भात कांडून पोट भरणाऱ्या बाया. कुणी तीस लाख म्हणतं. सरकारी चौकशी आयोगानंही पंधरा लाख कबूल केले. माणसं कलकत्त्याच्या दारोदार भातसुद्धा मागत नव्हती, भाताची पेज मागत होती. आणि सरकारनं दुष्काळ शेवटपर्यंत जाहीर केला नाही! जाहीर केला असता तर कायद्यानं पोसावं लागलं असतं.

अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या पुस्तकात दाखवून दिलं की, तांदूळ नव्हता म्हणून नव्हे, तर विकत घ्यायची ऐपत गेली म्हणून ही माणसं मेली. आमच्या आयांना हे पुस्तक न वाचता ठाऊक आहे.

बंगाल लांबचा म्हणू नका. १९४६ साली बाबासाहेबांना घटना समितीवर पाठवलं ते जोगेंद्रनाथ मंडल आणि त्याच बंगालच्या दलित आमदारांनी. ते मेलेले आपले आहेत.

म्हणून आमचा सवाल उपदेशाचा नाही, धान्याचा आहे. 'घाबरू नका' हे भरल्या घराला सांगा. आम्हाला सांगा, रेशनच्या दुकानात पोती किती? २०१३ चा अन्नसुरक्षा कायदा अजून २०११ च्या जनगणनेवर माणसं मोजतो. त्यानंतर जन्मलेलं पोर जेवत नाही काय? लढाईची पहिली बातमी येताच रेशनवर महिन्याचं धान्य आगाऊ द्या. कार्ड असो नसो, पोट बघून द्या. गोदामाचा साठा दुकानाच्या दारावर लिहा, म्हणजे अफवा दारातच मरेल.

वस्तीवस्तीतल्या पोरांनो, उद्याच आपल्या रेशन दुकानावर जा, साठ्याची वही मागा. देशासाठी पोट आवळायला आम्हाला शिकवू नका. ते आम्ही पिढ्यानपिढ्या आवळलेलंच आहे.

जय भीम!