दोन जुन्या कार्डांची पत्रिका

दिवाळी जवळ आली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एक प्रश्न हटकून असतो. नवे ग्राफिक्स कार्ड परवडत नाही. तेव्हा जुन्या बाजारातले जीफोर्स जीटीएक्स १०६० घ्यावे, की रेडिऑन आरएक्स ५८०? लिहिणारे बहुधा विद्यार्थी. कोणी शिकवण्या करून पैसे साठवलेले, कोणी वडिलांच्या बोनसवर डोळा ठेवून बसलेले. असा पैसा एकदाच खर्च करता येतो. म्हणून दोघांची पत्रिका आज सविस्तर मांडतो.

ज्यांचा या यंत्राशी कधी संबंध आला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. संगणकाच्या पूर्ण एचडी पडद्यावर वीस लाखांहून अधिक ठिपके असतात, आणि खेळ चालू असताना ते सेकंदाला साठ वेळा नव्याने रंगवावे लागतात. मुख्य प्रोसेसर म्हणजे मोजक्या हुशार कारकुनांची कचेरी. तिला हा पसारा आवरत नाही. ग्राफिक्स कार्ड म्हणजे साध्या मजुरांची पलटण. प्रत्येकाचे काम क्षुल्लक, पण सारे एकदम करतात.

आता पत्रिका. एनव्हिडियाचे १०६० आले जुलै २०१६ मध्ये. त्याच्या ६ जीबीच्या कार्डात मजूर १२८०. एएमडीचे ५८० आले एप्रिल २०१७ मध्ये. त्याच्या ८ जीबीच्या कार्डात मजूर २३०४. अमेरिकेतली जाहीर किंमत पहिल्याची २४९ डॉलर, दुसऱ्याची २२९. म्हणजे जवळजवळ दुप्पट मजूर, दोन जीबी स्मृती जास्त, आणि वर वीस डॉलर स्वस्त! पत्रिका पाहूनच लग्न ठरवणारा मनुष्य येथेच अक्षता घेऊन उभा राहील.

पण थोडे थांबावे. १०६० चे मजूर चपळ आहेत. त्यांची लय १७०८ मेगाहर्ट्झपर्यंत जाते, ५८० ची १३४०. तरीही गुणाकार केला तर कागदावर ५८० सुमारे चाळीस टक्के पुढेच राहते: ६.२ टेराफ्लॉप विरुद्ध ४.४. प्रत्यक्ष खेळांत मात्र दोघे बरोबरीने धावत. २०१७ च्या सुमाराच्या पुष्कळ खेळांत तर १०६० किंचित पुढे असे.

हे गौडबंगाल काय? मजूर जास्त असले तरी त्यांना काम वाटून देणारा मुकादम कसा आहे, यावर सारे अवलंबून असते. डायरेक्टएक्स ११ या जुन्या पद्धतीच्या खेळांत एएमडीच्या ड्रायव्हरचा बहुतेक भार प्रोसेसरच्या एकाच धाग्यावर पडे, आणि कार्डातले कित्येक मजूर हात बांधून बसत. पुढे डायरेक्टएक्स १२ आणि व्हल्कन आले, कामाची वाटणी सुधारली आणि ५८० चे पाऊल पुढे पडू लागले. शिवाय तयार ठिपके पडद्यासाठी लिहून काढणारे भाग १०६० मध्ये ४८ आहेत, ५८० मध्ये ३२. दुकानदार हा आकडा सहसा सांगत नाही. तात्पर्य, एका घराण्यातल्या दोन भावांचे मजूर मोजून तुलना करावी. निराळ्या घराण्यांचे मजूर मोजणे म्हणजे शेर आणि मैल यांची बेरीज करणे होय.

स्मृतीची गोष्ट निराळी. ती दोन्ही घरी सारख्याच मापाने मोजता येते. दोघांचीही स्मृती जीडीडीआर ५ जातीची, वेगही एकच. फरक रस्त्याच्या रुंदीत. १०६० चा रस्ता १९२ बिटांचा, म्हणून सेकंदाला १९२ जीबी माल वाहतो. ५८० चा २५६ बिटांचा, म्हणून २५६ जीबी. खेळ जसजसे जड होत गेले तसतशी ८ जीबीची जागा कामी येऊ लागली. कोठार भरले की कार्ड कितीही चपळ असो, चित्र अडखळू लागते.

उलट बाजू विजेची. १०६० ला १२० वॉट पुरतात, ५८० ला १८५ लागतात. रोज चार तास भर ताकदीने खेळणाऱ्याच्या घरी वर्षाला सुमारे ९५ युनिटांचा फरक पडतो. युनिटला दहा रुपये धरले तर साडेनऊशे रुपये. बिल वडील भरत असले तरी हिशेबात धरावे! जुना, हलका पॉवर सप्लाय ५८० ला पुरेल की नाही, हेही आधी पहावे.

येथवर कोणालाही सांगता आले असते. पण आमच्या शेजारच्या मुलीने मला खरा मुद्दा काढून दिला. तिला ॲनिमेशन शिकावयाचे आहे. कॉलेजातल्या मित्रांनी एकमुखाने ५८० सुचवलेले; पैसे तिने दीड वर्ष साठवलेले. "काका, आठ म्हणजे सहापेक्षा जास्तच ना?" ती म्हणाली. मी विचारले, "अगं, पण तू काम कशावर करणार?" "ब्लेंडरवर."

येथेच निकाल फिरला. ब्लेंडरमध्ये अंतिम चित्र काढणारा 'सायकल्स' नावाचा भाग आहे. एनव्हिडियाच्या कार्डाशी तो कुडा या भाषेत बोलतो; एएमडीच्या जुन्या कार्डांशी ओपनसीएलमध्ये बोलत असे. डिसेंबर २०२१ मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीतून ओपनसीएल काढून टाकले गेले. त्याऐवजी एएमडीसाठी जी नवी सोय झाली तीत ५८० बसले नाही. म्हणजे २३०४ मजूर दारात उभे, पण मालकाची भाषा एकालाही येत नाही. सारे ओझे पुन्हा कारकुनांच्या डोक्यावर! तिने १०६० घेतले. मित्रांचे आकडे खरेच होते. फक्त ते तिच्या कामाचे नव्हते.

आता बाजारातले खड्डे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर घ्या किंवा ओळखीतून, नुसत्या नावावर विसंबू नका. १०६० चा ३ जीबीचा भाऊ त्याच नावाने विकला गेला, पण त्यात मजूरही कमी, ११५२. ५८० च्या नावाखाली २०४८ मजुरांचे कार्डही निघाले. शिवाय २०१७-१८ मध्ये इथेरियमच्या खाणकामासाठी ५८० वर उड्या पडल्या होत्या. सप्टेंबर २०२२ मध्ये ते खाणकाम बंद झाले आणि रात्रंदिवस राबलेली कार्डे बाजारात आली. त्यांतल्या कित्येकांच्या आतल्या सूचनाही बदललेल्या असत. तेव्हा पंखा ऐका आणि जड खेळ अर्धा तास चालवून पहा. विक्रेता नको म्हणाला तर नमस्कार करून बाहेर पडा.

दोघांचेही वय झाले आहे, हे विसरू नये. एएमडीने २०२३ मध्येच ५८० च्या पिढीला वेगळ्या, मर्यादित देखभालीवर टाकले. एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५ नंतर १०६० च्या पिढीला २०२८ पर्यंत फक्त सुरक्षिततेपुरत्या सुधारणा देण्याचे जाहीर केले. डिसेंबर २०२४ मध्ये आलेला इंडियाना जोन्सचा खेळ तर किरणांचा माग काढणारे यंत्र कार्डात असल्याशिवाय सुरूच होत नाही. ते या दोघांतही नाही.

तेव्हा माझा कौल असा. निव्वळ खेळावयाचे असेल आणि पॉवर सप्लाय भक्कम असेल, तर ८ जीबीचे ५८० घ्यावे. ब्लेंडरसारखे काम शिकावयाचे असेल, किंवा पॉवर सप्लाय अशक्त असेल, तर ६ जीबीचे १०६०. आणि जो दुकानदार "तुम्ही त्यावर काय करणार?" हे विचारण्यापूर्वीच आकडे सांगू लागतो, त्याच्याकडून यंदाच्या दिवाळीत फक्त शुभेच्छा घ्याव्यात!